सिलेक्ट ते मल्टी सॉकेट: एका थ्रेडवर हजारो ट्रान्स्फरची पार्श्वभूमी

नेटवर्कवरून फाइली आणणारी-पाठवणारी लिबकर्ल ही लायब्ररी वापरून एकाच वेळी पुष्कळ फाइली उतरवायच्या असल्या, की तिच्या मल्टी इंटरफेसचे दोन रस्ते समोर येतात. एक सरळ लूपचा. दुसऱ्यात सॉकेटचा (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाचा) एक कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने वेळ आल्यावर बोलवायचं आपलं फंक्शन, टायमरचा दुसरा कॉलबॅक आणि लूप मात्र आपलाच. पहिल्यांदा वाचताना हा दुसरा प्रकार उगाच किचकट केल्यासारखा वाटतो. पण 2006 मध्ये लिबकर्लमध्ये आलेल्या या मल्टी सॉकेट ॲक्शनमागे जुनी अडचण आहे, आणि ती आधी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सोडवली गेली होती.

सुरुवात 1983 ची, 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीची. सॉकेट आणि सिलेक्ट या दोन्ही गोष्टी बर्कली विद्यापीठाच्या त्याच आवृत्तीतून जगभर गेल्या. सर्व्हर लिहिण्याची तेव्हाची नेहमीची पद्धत म्हणजे कनेक्शन स्वीकारलं की फोर्क करायचं, म्हणजे प्रोसेसची प्रत काढायची, आणि प्रत्येक क्लायंटमागे एक प्रोसेस द्यायची. रीड अडकला तर ती एकटी प्रोसेस अडकते, बाकीच्यांचं काम चालू राहतं. मोजकी कनेक्शनं असतील तर आजही यात काही वावगं नाही. सिलेक्टची कल्पना वेगळी होती: एकाच प्रोसेसने आपले सगळे डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइली आणि सॉकेटांचे क्रमांक) कर्नलला दाखवायचे आणि यांतले कोणते तयार आहेत, असं विचारायचं.

हे विचारणं बिटमॅपने होतं. प्रत्येक डिस्क्रिप्टरला एक बिट, आणि बहुतेक युनिक्स प्रणालींवर बिटांची संख्या 1024. कर्नल उत्तरही त्याच बिटमॅपवर लिहितो, म्हणजे आपण दिलेली यादी पुसली जाते आणि लूपच्या प्रत्येक फेरीत ती नव्याने भरावी लागते. शिक्षकांनी एका मुलाला शोधण्यासाठी दर मिनिटाला अख्ख्या वर्गाची हजेरी घ्यावी, तसा हा प्रकार. शिवाय ही मर्यादा कनेक्शनांच्या संख्येवर नाही, डिस्क्रिप्टरच्या क्रमांकावर आहे. प्रोग्रॅमने इतर फाइली उघडून ठेवल्या असतील आणि नव्या सॉकेटला 1024 किंवा पुढचा क्रमांक मिळाला, तर बिट लावणारा एफडी-सेट मॅक्रो तो बिट बिटमॅपच्या बाहेरच्या मेमरीत लिहू शकतो. अशा वेळी प्रोग्रॅम कोसळतो तो भलत्याच ठिकाणी, आणि मूळ कारण शोधणं फार कठीण जातं.

1986 मध्ये सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या तिसऱ्या आवृत्तीत पोल हा कॉल आला. त्यात बिटमॅपऐवजी रचनांचा ॲरे असतो. काय हवं आणि काय मिळालं यांचे रकाने वेगळे, आणि 1024 ची भिंतही नाही. पण प्रत्येक कॉलला सगळा ॲरे कर्नलकडे जातो आणि सगळा तपासला जातो. दहा हजार कनेक्शनांपैकी पाचच जागी असली तरी खर्च दहा हजारांचाच. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे: खर्च कामाच्या प्रमाणात नव्हता, गप्प बसलेल्या कनेक्शनांच्या प्रमाणात होता.

1999 च्या सुमारास वेबमुळे हा प्रश्न ऐरणीवर आला. डॅन केगल यांनी त्याला सी-टेन-के हे नाव दिलं: एका मशीनवर दहा हजार क्लायंट. त्यांचा मुद्दा साधा होता. 1000 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 2 गिगाबाइट मेमरी आणि गिगाबिटचं कार्ड असलेलं मशीन 1200 डॉलरच्या आसपास मिळतं, मग हार्डवेअर ही अडचण उरलीच कुठे? सीडीरॉम डॉट कॉमच्या एफटीपी सर्व्हरने तर त्याच वर्षी दहा हजार क्लायंट एकाच वेळी सांभाळून दाखवले होते. त्याच वर्षी बंगा, मोगल आणि ड्रुशेल यांनी युझेनिक्स या संगणक-तंत्रज्ञांच्या संघटनेच्या परिषदेत इव्हेंट पोहोचवण्याची नवी पद्धत मांडली: कशात रस आहे ते कर्नलला एकदाच सांगायचं, यादी त्यानेच सांभाळायची आणि बदल झाला तरच कळवायचं.

2000 मध्ये अशीच सोय देणारा जोनाथन लेमन यांचा केक्यू फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आला. लिनक्ससाठी डेव्हिडे लिबेन्झी यांचा ईपोल 2002 मध्ये 2.5.44 या विकासाच्या आवृत्तीत शिरला आणि 2003 च्या अखेरीस 2.6 बरोबर सर्वांपर्यंत पोहोचला. ईपोलमध्ये यादी कर्नलकडे कायम राहते. वाट पाहणारा कॉल फक्त तयार झालेले डिस्क्रिप्टर परत देतो. इगोर सिसोएव्ह यांचा एंजिनएक्स हा वेब सर्व्हर याच लाटेतला. मात्र ईपोलला डिस्कवरची साधी फाइल दिली, तर तो सरळ ईपर्म (परवानगी नाही) ही चूक परत करतो. सिलेक्ट आणि पोल अशी फाइल नेहमीच तयार असल्याचं सांगतात, मग प्रत्यक्ष वाचताना डिस्क कितीही रेंगाळो. सॉकेटवर चोख चालणारा लूप फाइल लिहिताना अडखळतो, तो त्यामुळे.

आता लिबकर्ल ज्यातून निघालं त्या कर्ल या प्रोग्रॅमकडे. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी 1996 मध्ये एचटीटीपी-गेट नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना आयआरसी या चॅटवरच्या बॉटसाठी (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) चलनांचे दर आणायचे होते. त्यांनी तो हाती घेतला, वाढवला आणि 20 मार्च 1998 ला त्यातून कर्ल बाहेर पडलं. 2000 मध्ये लिबकर्ल ही लायब्ररी आली, आणि 2002 मध्ये एका थ्रेडवर अनेक ट्रान्स्फर चालवणारा मल्टी इंटरफेस.

तो पहिला मल्टी सिलेक्टच्या साच्यातला होता. ॲप्लिकेशनने लिबकर्लकडून बिटमॅप भरून घ्यायचे, स्वतः सिलेक्ट करायचं, मग लिबकर्लचं परफॉर्म हे फंक्शन बोलवायचं. परफॉर्म सगळ्या ट्रान्स्फरांवरून फिरून कुणाचं काय झालं ते पाहणार. लिबकर्लकडे दाखवण्याजोगं सॉकेटच नसेल, तर सर्वांत मोठा डिस्क्रिप्टर म्हणून उणे एक यायचा, आणि अशा वेळी 100 मिलिसेकंद थांबून पुन्हा विचारा, असा दस्तऐवजातला सल्ला होता. कर्नलने मागे टाकलेली हजेरी इथे लायब्ररीच्या पातळीवर चालूच राहिली होती.

ॲप्लिकेशनने स्वतःच ईपोल वापरावा, तर कोणते सॉकेट द्यायचे हे त्याला ठाऊक नसतं. एफटीपीच्या एका ट्रान्स्फरला कंट्रोलचं एक आणि डेटाचं एक कनेक्शन लागतं. रीडायरेक्ट आलं की नवं सॉकेट उघडतं. कनेक्ट होईपर्यंत लिहिण्याची वाट पाहायची असते, नंतर वाचण्याची, आणि टीएलएस या एन्क्रिप्शनच्या वाटाघाटीत ही दिशा मधेच पालटते. हे सगळं फक्त लिबकर्लला माहीत असतं.

मल्टी सॉकेट ॲक्शन याचंच उत्तर आहे. सॉकेट उघडलं, दिशा बदलली किंवा सॉकेट सोडलं, की लिबकर्ल कॉलबॅकने कळवतं: यावर वाचण्याची वाट पाहा, यावर लिहिण्याची, हे काढून टाका. ॲप्लिकेशन तसतसा ईपोल किंवा केक्यू बदलतं. इव्हेंट आला की ते लिबकर्लला फक्त त्या सॉकेटचं नाव सांगतं, आणि लिबकर्ल त्याच ट्रान्स्फरचं काम पुढे सरकवतं. मुदती लिबकर्ल स्प्ले ट्री या क्रमवार रचनेत ठेवतं आणि टायमरच्या कॉलबॅकमधून एकच आकडा देतं: सर्वांत जवळची मुदत किती मिलिसेकंदांवर आहे. 2006 च्या ऑक्टोबरमधल्या 7.16.0 पासून हा इंटरफेस स्थिर मानला गेला. हायपरफिफो या नमुना प्रोग्रॅममध्ये तो नील्स प्रोव्होस यांच्या लिबइव्हेंट या इव्हेंट लूपच्या लायब्ररीला जोडून दाखवला आहे. शिकायला मी सर्वांना तोच सुचवतो.

राहिली गोष्ट डीएनएसची, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधण्याची. सी लायब्ररीतलं नाव शोधणारं फंक्शन उत्तर येईपर्यंत अडून बसतं, आणि त्या एका कॉलने हजारो ट्रान्स्फरांचा लूप थांबू शकतो. म्हणून स्टेनबर्ग यांनी एमआयटीतल्या ग्रेग हडसन यांच्या एरेस या लायब्ररीवरून न अडकता नावं शोधणारं सी-एरेस उभारलं. पुढे लिबकर्लमध्ये वेगळ्या थ्रेडवर नाव शोधण्याची सोयही झाली. जुन्या सिस्टिमवर लिबकर्ल यांपैकी एकासह बांधलं आहे की नाही, हे लूपला दोष देण्याआधी तपासावं.

2019 च्या 7.66.0 मध्ये मल्टी पोल आला. त्यात वाट पाहण्याचं काम लिबकर्ल स्वतःच पोलने करतं, त्यामुळे 1024 ची भीती नाही आणि कॉलबॅकही लिहावे लागत नाहीत. त्याच आवृत्तीत कर्लच्या कमांडलाही समांतर ट्रान्स्फरचा पर्याय मिळाला, वेगळी न दिल्यास मर्यादा 50. शंभर-दोनशे ट्रान्स्फर असतील तर मल्टी पोलच घ्यावा, कोड लहान राहतो. ट्रान्स्फर हजारांत जाणार असतील, किंवा प्रोग्रॅमचा स्वतःचा इव्हेंट लूप आधीपासून असेल, तर कॉलबॅकांची मेहनत सार्थकी लागते.