ॲशडाउन फॉरेस्ट

इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यातील हीथभूमी. लंडनच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी. अंतरावर, हाय वील्ड या वालुकाश्माच्या डोंगराळ पट्ट्यात ती पसरली आहे. क्षेत्रफळ सुमारे २,५०० हेक्टर; सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मी. ‘फॉरेस्ट’ हे नाव ऐकून घनदाट अरण्य पाहायला येणारा इथे हमखास फसतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा शब्द झाडांचा नव्हे, कायद्याचा होता. राजाच्या किंवा बड्या सरदाराच्या शिकारीसाठी राखलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट, मग तिच्यावर ओकची झाडी असो की उघडा माळ. मराठीतला ‘रान’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. गुरे रानात गेली म्हणताना आपणही झाडे मोजत नाही.

हीथ म्हणजे निकस, वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमिनीवरचे खुरट्या झुडपांचे माळरान. पावसाने वरच्या थरातली पोषकद्रव्ये खाली वाहून गेलेली असतात, त्यामुळे शेती पिकत नाही. हेदर ही जांभळ्या फुलांची झुडपी वनस्पती मात्र अशाच मातीत फोफावते. ॲशडाउनवर तिच्या जोडीला बेल हेदर, पाणथळ जागी क्रॉस-लीव्ह्ड हीथ, पिवळ्या फुलांचे काटेरी गोर्स आणि ब्रॅकन नावाचा नेचा आढळतो. ऑगस्टमध्ये सगळा उतार जांभळा होतो. ओलसर भागात मार्श जेन्शनची निळी फुले दिसतात. ती आता इंग्लंडमध्ये दुर्मिळ आहेत. पक्ष्यांत दोघांना विशेष महत्त्व आहे. रातव्याच्या कुळातला युरोपीय नाइटजार उन्हाळ्यापुरता आफ्रिकेतून येतो आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. डार्टफर्ड वॉर्बलर हा लांब शेपटीचा चिमुकला पक्षी मात्र वर्षभर इथेच राहतो. किडे टिपून जगणारा असल्यामुळे एखाद्या कडक, बर्फाळ हिवाळ्यात त्याची संख्या एकदम घटते. सिल्व्हर-स्टडेड ब्लू या फुलपाखराच्या अळ्या काळ्या मुंग्यांच्या राखणीत वाढतात.

हे सगळे निसर्गाने आपणहून राखलेले नाही. मूळची झाडी माणसाने हजारो वर्षांपूर्वी तोडली, नंतर गुरे चारली, झुडपे कापली, अधूनमधून जाळली; म्हणून हीथ टिकली. हा वापर थांबला की बर्च आणि स्कॉट्स पाइनची रोपे माजतात आणि दोन-तीन दशकांत सावलीखाली हेदर मरते.

या भूमीत लोहखनिज आहे. रोमन काळात इथे लोखंड गाळले जाई आणि लंडनहून लुइसकडे जाणारा रोमन रस्ता या भागातूनच गेला होता. १४९६ मध्ये न्यूब्रिज येथे सातव्या हेन्रीच्या तोफखान्यासाठी झोतभट्टी उभी राहिली; ब्रिटनमधल्या अगदी आरंभीच्या झोतभट्ट्यांत तिची गणना होते. भट्ट्यांना लागणारा कोळसा आसपासच्या लाकडातूनच आला.

त्याआधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, शिकारीची हरणे बाहेर जाऊ नयेत म्हणून रानाभोवती बांध, चर आणि लाकडी कुंपण घालण्यात आले. त्याची लांबी सुमारे ३७ किमी. होती. येण्याजाण्यासाठी मोठी दारे (गेट) आणि लहान दिंड्या (हॅच) ठेवल्या होत्या. कुंपण कधीच गेले. पण चेलवूड गेट, कोलमन्स हॅच, चक हॅच या गावांच्या नावांत त्या दिंड्या अजून आहेत. १३७२ मध्ये हे रान जॉन ऑफ गाँट या राजपुत्राकडे गेले. सतराव्या शतकातल्या यादवीत कुंपण मोडले आणि हरणे संपली. पुढच्या मालकांना जमीन सुधारून विकायची होती, तर भोवतालच्या कष्टकऱ्यांची गुरे तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरत होती. १६९३ च्या निवाड्याने अर्ध्याहून अधिक जमीन खाजगी झाली आणि सुमारे ६,४०० एकर सामाईक, म्हणजे आपल्या गायरानासारखी, राहिली. आजचे ॲशडाउन ते हेच. १८२२ मध्ये इथून गेलेल्या विल्यम कॉबेट या पत्रकाराला मात्र ही इंग्लंडमधली सर्वांत कुरूप जागा वाटली. जमिनीची किंमत धान्यात मोजणाऱ्याला तसे वाटणे साहजिक होते.

खरे भांडण पेटले ते नेच्यावरून. गोठ्यात गुरांखाली अंथरायला वाळका ब्रॅकन आणि हेदर कापून नेण्याची इथल्या लोकांची जुनी वहिवाट होती. अंथरूण पुढे खत होऊन शेतात जाई, म्हणून निकस जमिनीवरच्या लहान शेतकऱ्याचे सारे त्यावर अवलंबून असे. १८७७ च्या ऑक्टोबरमध्ये बर्नार्ड हेल या जमीनदाराच्या, म्हणजे सामाईक रानावर वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्या एका हक्कदाराच्या, वतीने कापणी करणाऱ्या जॉन माइल्स या माणसाला मालक अर्ल डे ला वॉर यांच्या रखवालदाराने हटकले आणि प्रकरण कोर्टात गेले. हक्कदारांचे वकील विल्यम रेपर यांनी शंभराहून अधिक म्हाताऱ्यांच्या जबान्या टिपून घेतल्या : कोण कुठे कापायचे, गाडी किती भरायची, कोणी अडवले होते का. दाव्यासाठी गोळा केलेला हा कागद आज त्या काळच्या ग्रामजीवनाचे मोलाचे साधन झाला आहे. खालच्या कोर्टात हार झाली, पण १८८१ मध्ये अपिलात दीर्घ वहिवाटीच्या आधारे हेल जिंकले. १८८५ च्या कायद्याने देखरेखीसाठी कॉन्झर्व्हेटर्सचे मंडळ नेमले गेले. १९८८ मध्ये मालकी ईस्ट ससेक्स कौंटी कौन्सिलकडे आली.

बाहेरच्या जगाला ही जागा ठाऊक आहे ती लेखक ए. ए. मिल्न यांच्या बालकथांतल्या विनी-द-पू या अस्वलामुळे. मिल्न यांनी १९२५ मध्ये जवळच घर घेतले आणि गोष्टींतले रान इथल्या गिल्स लॅपसारख्या टेकड्यांवरून उतरवले. आजचे पर्यटक बहुतेक त्यासाठीच येतात.

ब्रिटनमधील सखल प्रदेशातली ऐंशी टक्क्यांहून अधिक हीथ १८०० नंतर नष्ट झाली. ॲशडाउन नांगरापासून वाचले, पण विसाव्या शतकात लोकांनी गुरे पाळणे सोडले आणि बर्चने डोके वर काढले : १९४७ मध्ये सुमारे ९० टक्के असलेली हीथ २००७ पर्यंत ६० टक्क्यांवर आली. आता कॉन्झर्व्हेटर्सच झाडे तोडतात, नेचा कापतात आणि मेंढरे राखतात. ती हेब्रिडियन जातीची, काळी, अंगाने लहान आणि चिवट. गवताबरोबर बर्चची कोवळी रोपेही खातात.