मुळापुढे डांबर हार का मानतं?

गच्चीवर माती पसरून बाग करायची म्हटलं की वॉटरप्रूफिंगवाला सांगतो, "दोन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, खाली थेंब नाही. आता खुशाल झाडं लावा." ही चाचणी करायलाच हवी. पण तिच्यात परीक्षा होते पाण्याची, मुळाची नाही. मातीखाली अंथरलेली, पाणी अडवणारी शीट, मग ती डांबराची असो वा रबराची, मूळ अडवेलच असं नाही.

मुळाच्या टोकामागच्या पेशी परासरणाने पाणी ओढून फुगतात आणि टोकाला पुढे रेटतात. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ५ ते १० पटींपर्यंत जाऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुळाचा धीर. ते आठवडेच्या आठवडे रेटत राहतं, आणि डांबराची दुखरी नस नेमकी तीच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली डांबरासारखंच पिच नावाचं घट्ट काळं द्रव्य एका नरसाळ्यात भरलं. १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले! हेच पिच हातोड्याने ठोकलं तर काचेसारखं फुटतं. त्याचे रेणू एकमेकांना नुसते चिकटलेले असतात, बांधलेले नसतात. झटका बसला तर त्यांना सरकायला वेळ मिळत नाही. हळूहळू रेटलं की ते बाजूला होतात. डांबरी शीटमध्ये पॉलिमर (प्लास्टिक-रबरासारखी द्रव्यं) मिसळून हे सरकणं बरंच कमी करतात, तरी ते पुरतं थांबत नाही. म्हणून काही शीटमध्ये मूळरोधक रसायन घालतात. त्यातलं मेकोप्रॉप हे तणनाशक छतावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात उतरतं, हे स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकातच आढळलं. ते पाणी साठवून वापरणाऱ्यांनी अशी शीट घेऊ नये.

ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या शीटची गोष्ट वेगळी. या रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात, जणू विणलेलं जाळं. ते ताणलं जातं, पण वाहत नाही. मात्र याच बंधांमुळे ते वितळतही नाही, म्हणून दोन शीट टेपने किंवा गोंदाने जोडाव्या लागतात. मुळाला तेवढी फट पुरते. पीव्हीसी आणि टीपीओ या प्लास्टिकच्या शीट गरम हवेने वितळवून जोडता येतात. जोडावर साखळ्या एकमेकींत गुंततात. म्हणून एकाच अखंड तुकड्यात मावणाऱ्या लहान गच्चीला मी ईपीडीएम सुचवेन, मोठ्या छताला वितळवून जोडलेली शीट. पीव्हीसी थेट डांबरावर मात्र अंथरू नका. तिला लवचीक ठेवणारं द्रव्य डांबरात झिरपतं आणि ती कडक होते. मध्ये फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचा, थर हवा.

युरोपात शीटची मुळांसाठी वेगळी चाचणी होते. जोड असलेल्या शीटवर दोन वर्षं झुडपं वाढवतात. मूळ आरपार गेलं की शीट नापास. शीटवर 'रूटप्रूफ' (मूळरोधक) छापलंय म्हणून भुलू नका, जोडासकट चाचणी झाली का ते विचारा.

त्या चाचणीतलं नेहमीचं झुडूप पायराकँथा आहे, पिंपळ नव्हे. आपल्याकडे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी कठड्याच्या भेगेत रुजतं, आणि मुंज्याच्या भीतीने कुणी त्याला हात लावत नाही. मुंज्या कुणाला लागत नाही. गळती मात्र नक्की लागते. दोन पानं दिसताच रोप मुळासकट ओढून काढा. वरून कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं.