69,888 ठोक्यांचा हिशेब

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा 16 किलोबाइट मेमरीच्या मॉडेलची किंमत 125 पौंड होती. एवढ्या किमतीत संगणक बसवायचा म्हणून जे वगळता येईल ते वगळले गेले, आणि त्यात आकृत्या हलवणारी यंत्रणाही गेली. त्याच वर्षीच्या कमोडोर 64 मध्ये पडद्यावर स्वतंत्रपणे सरकणाऱ्या आठ आकृत्यांची, म्हणजे स्प्राइट्सची, सोय चित्र दाखवणाऱ्या चिपमध्येच होती. स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक आकृती मुख्य प्रोसेसरलाच बाइट-बाइट लिहून उमटवावी लागे. तरीही या संगणकावर नजर कुठेही न अडखळता पाहता येतील असे गेम लिहिले गेले, आणि त्यामागचे खरे कौशल्य वेळेच्या हिशेबाचे होते. (भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये परवान्यासह आणलेल्या स्पेक्ट्रम प्लसलाही हाच हिशेब लागू होता.)

स्पेक्ट्रम ज्या टीव्हीला जोडला जाई, त्यावर सेकंदाला 50 वेळा नवे चित्र रेखले जात असे. स्पेक्ट्रमच्या झेड80 या मुख्य प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला 35 लाख ठोके देते. एका चित्रात 312 रेषा आणि प्रत्येक रेषेला 224 ठोके, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 69,888 ठोके येतात. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला प्रोसेसरला एक इशारा, म्हणजे इंटरप्ट, मिळतो. ‘हॉल्ट’ ही सूचना दिली की प्रोसेसर त्या इशाऱ्यापर्यंत थांबून राहतो. जुन्या आकृत्या पुसणे, नव्या काढणे, किल्ल्या वाचणे, शत्रू हलवणे आणि आवाज काढणे हे सारे या ठोक्यांत बसले तर हालचाल सेकंदाला 50 वेळा होते. काम थोडेसेही वर गेले तर पुढच्या इशाऱ्याची वाट पाहावी लागते आणि वेग थेट 25 वर येतो. माझ्या मते सलग 25 हा वेग पुष्कळच चांगला. डोळ्याला खरा त्रास होतो तो कधी 50 आणि कधी 25 अशा हेलकाव्यांचा.

आता कामाचा आकार पाहू. पडदा 256 बाय 192 बिंदूंचा आहे आणि एका बाइटमध्ये आठ बिंदू मावत असल्याने चित्राला 6,144 बाइट लागतात. मेमरीतला तुकडा एका जागेवरून दुसरीकडे नेण्यासाठी झेड80 कडे ‘एलडीआयआर’ ही तयार सूचना आहे, पण तिला बाइटमागे 21 ठोके लागतात. तिच्या भरवशावर संपूर्ण पडदा उतरवायचा तर 1,29,024 ठोके जातात, म्हणजे जवळजवळ दोन चित्रांचा वेळ. जाणते प्रोग्रामर यावर स्टॅकचा, म्हणजे मेमरीत तात्पुरत्या नोंदी एकावर एक रचण्याच्या जागेचा, उपाय योजत. ‘पुश’ ही सूचना खरे तर परतीचे पत्ते आणि तात्पुरत्या किमती साठवण्यासाठी आहे, पण ती अवघ्या 11 ठोक्यांत दोन बाइट लिहिते. स्टॅकचा निर्देशक, म्हणजे पुढची नोंद कुठे जाणार ते सांगणारा पत्ता, पडद्याच्या मेमरीत नेऊन ठेवला की तीच सूचना चित्र भरू लागते, तेही उजवीकडून डावीकडे, कारण स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो. मात्र त्या काळात इंटरप्ट आला तर प्रोसेसर परतीचा पत्ता चित्राच्याच जागेत लिहून ठेवील, म्हणून इंटरप्ट आधी बंद करावे लागतात आणि काम संपताच निर्देशक मूळ जागी न्यावा लागतो. ‘पॉप’ या स्टॅकमधून वाचणाऱ्या सूचनेने वाचून ‘पुश’ने लिहिले तरी संपूर्ण पडद्याला किमान 64,512 ठोके लागतात आणि गेमसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे जेवढे बदलले तेवढेच पुन्हा काढायचे, हा नियम बहुतेक गेमना पाळावाच लागला.

पडद्याची मेमरी ज्या क्रमाने मांडलेली आहे तो क्रम पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. पहिली रेषा 16384 या पत्त्यावर सुरू होते, तिच्या लगेच खालची रेषा 16640 वर, आणि 16416 या पत्त्यावर असते ती आठ रेषा खालची रेषा. कॅसेटवरून चित्र लोड होताना रेषा एकाखाली एक न येता आठ-आठ सोडून येतात, ते याचमुळे. या मांडणीत बिंदूंच्या बाइटच्या आणि त्याच्या रंगाच्या बाइटच्या पत्त्याचा खालचा अर्धा भाग एकच राहतो, त्यामुळे चित्रचिपला दोन्ही झटपट वाचता येतात. प्रोग्रामरचाही यात फायदा आहे: आठ रेषांच्या एका पट्टीत एक रेषा खाली जायचे तर पत्त्यात 256 मिळवायचे, म्हणजे पत्त्याच्या दोन बाइटांपैकी वरच्यात फक्त एक, आणि ते चार ठोक्यांत होते.

आकृती एकेका बिंदूने सरकवायची तर तिचे बिट, म्हणजे बाइटमधल्या एकेका बिंदूच्या नोंदी, बाइटच्या सीमेपलीकडे ढकलावे लागतात. 16 बाय 16 बिंदूंची आकृती सरकली की तीन बाइट रुंद होते. तीन बाइट सात वेळा ढकलायला रेषेमागे 168 ठोके लागतात, सोळा रेषांना 2,688, आणि मागची पार्श्वभूमी जपणाऱ्या मुखवट्यासह 5,376. अशा आठ आकृत्या असल्या तर चित्राचा साठ टक्क्यांहून अधिक वेळ नुसत्या ढकलण्यात संपतो. म्हणून सरकवलेल्या आठही अवस्था आधीच तयार करून ठेवत. एका आकृतीला मुखवट्यासह 768 बाइट द्यावे लागत, पण वेळ वाचे.

वेळेला आणखी एक गळती होती. चित्रचिप मेमरी वाचत असताना प्रोसेसरने त्याच 16 किलोबाइटला हात लावला तर त्याला थांबवले जाई. म्हणून 48 किलोबाइटच्या मॉडेलवर वेगाची गरज असलेला भाग 32768 या पत्त्याच्या पुढे ठेवत. शिवाय इशाऱ्यानंतर टीव्हीवर चित्र रेखणारा इलेक्ट्रॉनांचा झोत चित्राच्या पहिल्या रेषेपर्यंत यायला 14,336 ठोके लागतात. तेवढ्यात वरच्या आकृत्या पुसून पुन्हा काढल्या आणि झोताच्या पुढे राहत खाली सरकले, तर लुकलुक दिसत नाही. अर्धवट पुसलेली आकृती झोताच्या तावडीत सापडली की ती लुकलुकणारच.

रंगांची कथा मात्र वेगळी आहे. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग बसतात, त्यामुळे हिरव्या झाडाजवळून जाणारा पांढरा नायक हिरवा होऊन जातो. ही काटकसर टाळता येण्यासारखी नव्हती. प्रत्येक बिंदूला आठांपैकी रंग द्यायचा तर 18,432 बाइट लागले असते आणि लहान मॉडेलची सगळी मेमरी 16,384 बाइटचीच होती. अल्टिमेट कंपनीच्या 1984 मधील नाइट लोर या गेमने प्रत्येक खोलीचे दृश्य एकाच रंगात काढून हा प्रश्नच मोडीत काढला, आणि मला तो निर्णय फार समंजस वाटतो.

पुढे स्पेक्ट्रम 128 मध्ये दुसरा, लपलेला पडदा मिळाला. त्यावर निवांत चित्र काढायचे आणि एक बिट बदलून तो समोर आणायचा, अशी सोय झाल्याने झोताशी शर्यत संपली. एका चित्राचे ठोके मात्र 69,888 वरून 70,908 झाले, इतकाच फरक पडला. त्यामुळे आधी सरकवून ठेवलेल्या आकृत्या आणि ‘पुश’ची युक्ती त्या मॉडेलवरही तशीच चालू राहिली.