जांभा पाणी पितो

“कोकणात 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभा पाणी मुरूच देत नाही, सगळं समुद्राला जातं.” लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य अर्धंच खरं आहे. जांभा म्हणजे कोकणातला तांबडा दगड. चिरेखाणीतला ताजा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, हातात घ्या: भोकंच भोकं, बोटभर नळ्या. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्याच्या, कडक पाठीवरून पाणी वाहतं, हे खरं. पण भेगांतून भरपूर आतही जातं. खाली पांढुरकी चिकणमाती लागली की ते अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन फुटतं. कितीतरी वाड्या सड्याच्या पायथ्याला वसल्या त्या या पाण्यावर. अडचण मुरण्याची नाही, टिकण्याची: उन्हाळा लागेस्तोवर जांभा बराचसा रिता होतो. म्हणून अभ्यासक आता नदीइतकंच झऱ्याचं पाणलोट, म्हणजे त्याचं पाणी जिथे मुरतं ती जागा, शोधतात; ती कधीकधी डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही निघते. त्या जागी चिरेखाण पडली, तर खालची विहीर आटू शकते.