सेल्युलोज ते सॉर्बिटॉल: धातूपेक्षा पाण्यानेच जास्त छळले

टूथपेस्ट सुकू न देणारे आणि क जीवनसत्त्वाच्या उत्पादनात लागणारे सॉर्बिटॉल हे शर्करा-अल्कोहोल आजही मुख्यतः स्टार्चच्या ग्लुकोजला हायड्रोजन जोडून बनते. त्यासाठी उत्प्रेरक (स्वतः न संपता क्रियेला वेग देणारा पदार्थ) म्हणून वर्षानुवर्षे चालला तो रॅने निकेल. मरे रॅने यांनी 1920च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढून टाकले आणि मागे उरलेला सच्छिद्र निकेल वापरात आणला. पण ग्लुकोजच्या द्रावणात थोडे ग्लुकॉनिक आम्ल तयार होतेच. त्यात निकेल विरघळतो आणि माल आयन-एक्स्चेंज रेझिनमधून गाळावा लागतो. महाग असूनही कार्बनवर बसवलेला रुथेनियम धातू पुढे आला तो यामुळेच.

स्टार्च सोडून थेट सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या काष्ठतंतूंमधली ग्लुकोजची लांब साखळी, घ्यायची कल्पनाही नवी नाही. 1950च्या दशकात सोव्हिएत रसायनज्ञ बालांदिन यांच्या गटाने सौम्य खनिज आम्ल आणि रुथेनियम एकाच भांड्यात घातले. आम्लाने साखळी तोडायची, धातूने सुट्या झालेल्या ग्लुकोजला लगेच हायड्रोजन जोडायचा. हायड्रोजन कमी पडला किंवा ढवळणे मंदावले, की ग्लुकोजचे ह्युमिन (डांबरासारखा काळा गाळ) होऊन उत्प्रेरकावर बसते. शिवाय आम्ल भांडे खाते आणि शेवटी क्षार वेगळे करण्याचे काम मागे लागते.

2006 मध्ये जपानात अत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे (पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये) यांनी आम्लच वगळले. गॅमा-ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडवर) प्लॅटिनमचे नॅनोकण, पाणी, 190 अंश सेल्सिअस, 5 मेगापास्कल हायड्रोजन, 24 तास. हाती आले सुमारे 31 टक्के शर्करा-अल्कोहोल, त्यात बहुतांश सॉर्बिटॉल. पुढच्याच वर्षी चिनी गटाने रुथेनियम-कार्बन वापरून 245 अंशांवर हेच काम अर्ध्या तासात आणले. इतक्या तापलेल्या पाण्यात हायड्रोजन आयन वाढतात, ते आम्लाची जागा घेतात. 2008 मध्ये चीनमधल्या दालियानच्या गटाने निकेल आणि टंगस्टन कार्बाइड घेतले, तेव्हा सॉर्बिटॉलऐवजी 61 टक्के एथिलीन ग्लायकॉल मिळाले.

खरी अडचण आधाराची, म्हणजे धातूचे कण ज्यावर बसवतात त्या पदार्थाची. ॲल्युमिना ही पेट्रोलियमच्या कोरड्या वायूंसाठी रुळलेली वस्तू. 200 अंशांच्या पाण्यात तिचे हळूहळू बोहेमाइट (ॲल्युमिनियमचे जलयुक्त ऑक्साइड) होते, छिद्रे बुजतात, धातूचे 2-3 नॅनोमीटरचे कण एकत्र येऊन मोठे होतात. कार्बन टिकतो, पण त्यावर धातूची पकड ढिली. उत्प्रेरक बनवताना, म्हणजे धातूच्या संयुगाचे क्षपण करून धातू मोकळा करताना, तापमान झपाट्याने चढवले किंवा संयुगातले क्लोराइड धुतले गेले नाही, तर कण सुरुवातीपासूनच जाड निघतात.

हे सारे आकडे शुद्ध, बहुधा दळून स्फटिकपणा मोडलेल्या सेल्युलोजचे आहेत. उसाच्या चिपाडात लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा चिवट पदार्थ) असते, राखेतून सिलिका आणि पोटॅश येते. या पोटॅशच्या अल्कधर्मामुळे पीएच चढला की ग्लुकोजचे फ्रुक्टोज होते आणि सॉर्बिटॉलमध्ये मॅनिटॉल हे दुसरे शर्करा-अल्कोहोल वाढते.