फराह पामर कप: २०१० ची रिकामी जागा आणि 'प्रांत' नावाचा घोळ

फराह पामर कप, म्हणजे न्यूझीलंडमधली बायकांची प्रांतिक रग्बी स्पर्धा, नव्याने फॉलो करणारा माणूस हमखास दोन ठिकाणी अडखळतो. एक म्हणजे विजेत्यांच्या यादीत २०१० समोर नावच नाही, आणि दुसरं म्हणजे ऑकलंड शहर एकच असताना तिथले तीन-तीन संघ कसे काय खेळतात. दोन्ही प्रश्न मला एवढ्यांदा विचारले गेलेत की एकदाचं लिहूनच टाकतो. ट्राय, स्क्रम, बोनस पॉइंट वगैरे इथे परत सांगत बसत नाही.

प्रांताचं आधी उरकून घेऊ. तिथे सरकारी प्रांत असे आता नाहीतच, १८७६ सालीच ते बरखास्त झाले. पण साधारण त्याच सुमाराला रग्बीच्या युनियन, म्हणजे भागाभागाच्या संघटना, उभ्या राहत होत्या, कँटरबरी आणि वेलिंग्टन १८७९ ला, ऑकलंड १८८३ ला, आणि त्यांनी जुन्या प्रांतांची नावं उचलली ती आजपर्यंत जर्सीवर आहेत. म्हणजे कारभारातून प्रांत गेला आणि रग्बीत राहिला. मग शहर वाढलं तसे तुकडे पडत गेले, हार्बर ब्रिजच्या पलीकडच्या लोकांनी १९८५ मध्ये नॉर्थ हार्बर वेगळं काढलं, दक्षिणेकडे काउंटीज मानुकाऊ आहेच. आपल्याला हे समजायला खरं तर जड जाऊ नये, रणजीत एका महाराष्ट्र राज्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. तेव्हा 'प्रांत' वाचलं की नकाशा उघडू नका, कुठल्या युनियनखाली कुठले क्लब येतात एवढंच बघा.

पुरुषांच्या एनपीसीत, म्हणजे त्यांच्या प्रांतिक स्पर्धेत, १४ युनियन आहेत, बायकांच्या स्पर्धेत १३. साउथलंडचा संघ नाही, तिथल्या मुली शेजारच्या ओटागोकडून खेळतात. टोपणनावं मात्र बायकांच्या संघांचीच भारी आहेत, नॉर्थ हार्बरचा संघ 'हिबिस्कस', म्हणजे चक्क आपली जास्वंद, हॉक्स बेचा 'टुई' हा गाणारा पक्षी आणि तारानाकीचा 'फियो' म्हणजे डोंगरातल्या झऱ्यांवर राहणारं निळसर बदक.

जुना इतिहास फार ताणत नाही. १८९१ मध्ये ऑकलंडला एका बाईने मुलींचा संघ बांधून दौऱ्यावर न्यायचा घाट घातला होता, वर्तमानपत्रांनी एवढी ओरड केली की ते तिथेच बारगळलं. मग डायरेक्ट १९८० च्या दशकात या, क्लब वाढले, १९८९ मध्ये क्राइस्टचर्चला कॅलिफोर्नियाहून आलेल्या संघाविरुद्ध पहिला राष्ट्रीय संघ उतरला, १९९१ च्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनलपर्यंत गेला आणि १९९४ च्या वर्ल्ड कपला मात्र संघ पाठवलाच गेला नाही. १९९८ ला अॅमस्टरडॅममध्ये वर्ल्ड कप जिंकला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, रीतसर राष्ट्रीय प्रांतिक स्पर्धा सुरू झाली. क्रम बघा, आधी जग जिंकलं मग घरची स्पर्धा मिळाली. पुढची बरीच वर्षं कप बहुतेक ऑकलंडलाच जायचा, त्यामुळे त्या काळातले निकाल वाचायला तसे कंटाळवाणे आहेत. ऑकलंडवाल्यांनी राग मानू नये.

आता २०१०.

त्या वर्षी पुरुषांची स्पर्धा झाली, बायकांची झाली नाही. कारण सांगितलं गेलं ते पैशाचं, जगभर मंदी होती, राष्ट्रीय संघटना तोट्यात होती आणि कुठेतरी कात्री लावायची होती. हे खोटं नव्हतं. पण कात्री कुठे लागली ते बघायला हवं. दोनच वर्षं आधी, २००८ मध्ये, पुरुषांच्या वरच्या स्पर्धेतून नॉर्थलंड आणि टास्मन या दोन संघांना बाहेर काढायचं ठरलं होतं, तर केवढा गदारोळ झाला, दोन्ही युनियननी आपले हिशोब मांडले, पैशाची तजवीज दाखवली आणि काही आठवड्यांत निर्णय फिरला, दोघंही राहिले. म्हणजे दोन पुरुष संघ वाचवायला रस्ता निघाला आणि बायकांची आख्खी स्पर्धाच गेली तेव्हा निघाला नाही. मी तटस्थ राहून लिहितोय असा माझा दावा नाही, पण ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मला दुसरं काही दिसत नाही.

आणि वर्ष कुठलं? वर्ल्ड कपचं. ऑगस्ट-सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडला वर्ल्ड कप होता. आता यात गंमत अशी की न्यूझीलंडने तो जिंकला, फायनलला इंग्लंडविरुद्ध १३-१०, तीन यलो कार्ड खाऊन, लागोपाठ चौथ्यांदा. त्यामुळे कात्री लावणाऱ्यांना आयतं उत्तर मिळालं, बघा स्पर्धा नव्हती तरी जिंकलोच की. हा युक्तिवाद मी आजही ऐकतो आणि मला तो अजिबात पटत नाही, कारण त्या संघातल्या खेळाडू घडल्या त्या आधीच्या दहा-अकरा सीझनमध्ये. यंदा पेरलं नाही तरी कोठारात गेल्या वर्षीचं धान्य असतंच, त्यावरून पेरणीच नको असं कुणी म्हणत नाही. नुकसान झालं ते टेस्ट (आंतरराष्ट्रीय सामने) खेळणाऱ्या तीस जणींचं नाही, त्यांच्या खालच्या थराचं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, जिने त्या वर्षी पहिल्यांदा प्रांताची जर्सी घातली असती, तिच्यासाठी क्लबच्या वर काही उरलंच नाही. बत्तीस वर्षांची शिक्षिका किंवा गोठा सांभाळणारी बाई, जिचा तो शेवटचा सीझन असता, तिचाही विषय संपला. यांची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत म्हणून हिशोबातही येत नाहीत.

२०११ ला स्पर्धा परत आली. मग २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडने १७-१४ ने हरवलं आणि न्यूझीलंड सेमीफायनललाही पोचलं नाही. २०१० चं बिल चार वर्षांनी आलं असं मी म्हणतो, माझे काही मित्र म्हणतात उगाच काहीतरी जोडतोस, आयर्लंड त्या दिवशी भन्नाट खेळलं एवढंच. असेलही. पण खालचा थर पातळ झाला की वर कळायला तीन-चार वर्षं लागतातच.

मध्ये एक छोटी पण मला फार आवडणारी गोष्ट, २०१३ पासून जेजे स्ट्युअर्ट ट्रॉफी आली. ही लीगमधून मिळत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना त्यांच्या घरच्या मैदानावर हरवायचं आणि घेऊन जायचं, पुरुषांच्या रॅनफर्ली शील्डसारखं. त्यामुळे टेबलमध्ये तळाला असलेल्या संघालाही एका दुपारी सगळा सीझन सार्थकी लावता येतो. नाव मात्र १९७० च्या दशकातल्या पुरुष संघाच्या एका कोचचं.

बाईचं नाव लागलं ते २०१६ मध्ये, मुख्य कपलाच. जिचं नाव दिलं ती फराह पामर, १९९८, २००२ आणि २००६ अशा तीन वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघांची कॅप्टन, हुकरच्या जागेवर खेळणारी, आणि पेशाने विद्यापीठातली प्राध्यापक. त्याच वर्षाच्या शेवटी ती राष्ट्रीय बोर्डावर गेली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या बोर्डावर पहिली बाई २०१६ मध्ये! म्हणजे जिथे सहा वर्षांपूर्वी ही स्पर्धा खर्चाच्या यादीतली एक ओळ होती त्याच टेबलावर आता जिच्या नावाचा कप ती बसली.

आणि नेमकं तिथूनच स्पर्धा खुलली. २०१६ ला काउंटीज मानुकाऊने ऑकलंडला फायनलमध्ये हरवून पहिल्यांदा कप घेतला. २०१७ पासून प्रीमियरशिप आणि चॅम्पियनशिप असे दोन गट झाले, खालच्या गटाचा विजेता वर, वरचा शेवटचा खाली. आधी एकाच टेबलमध्ये बलाढ्य संघ नवख्यांना सत्तर-ऐंशीने धुवायचे ते यामुळे बरंच कमी झालं. टास्मन आला, नंतर नॉर्थलंड आला आणि २०१९ ला १३ संघ पूर्ण झाले. २००८ ला वाचलेले ते दोघंच हे, बायकांचे संघ घेऊन उशिराच आले, योगायोग म्हणायचा. कँटरबरीने २०१७ ते २०२० सलग चार कप नेले. त्यांच्या तेव्हाच्या स्क्रम-हाफला २०१८ मध्ये देशातल्या वर्षाच्या सर्वोत्तम रग्बीपटूचा मान मिळाला, पुरुष धरून, आणि तो मिळवणारी ती पहिली बाई. त्याच २०१८ मध्ये राष्ट्रीय संघातल्या तीसेक जणींना पहिल्यांदा पगारी करार मिळाले. प्रांताकडून खेळणाऱ्या बाकीच्या जणी तेव्हाही दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ट्रेनिंग अशाच होत्या, बहुतेक अजूनही आहेत.

कोविडची दोन वर्षं पटकन सांगतो. २०२० ला गट मोडून उत्तर आणि दक्षिण असे पूल केले, प्रवास कमी व्हावा म्हणून. २०२१ ला ऑकलंड लॉकडाउनमध्ये अडकलं आणि तिथले तिन्ही संघ स्पर्धेतून बाहेर पडले, वायकाटोने कँटरबरीला हरवून पहिला कप घेतला. त्या कपाला काही लोक मनातल्या मनात शंकेची खूण लावतात, मी लावत नाही, समोर सलग चार वेळचा चॅम्पियन होता.

खरा बदल २०२२ चा. सुपर रग्बी ऑपिकी नावाची चार संघांची स्पर्धा सुरू झाली, ऑपिकी म्हणजे वर जाणारी चढण. पैसा, टीव्ही, जाहिराती सगळं तिकडे. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ईडन पार्कवर वर्ल्ड कप फायनलला ४२,५७९ लोक आले, इंग्लंडला ३४-३१ ने हरवलं आणि बायकांचं रग्बी कोण बघतं हा प्रश्न तिथे तरी बंद झाला. पण चार संघात मावतात शंभर-सव्वाशे मुली आणि तेरा प्रांतात तीनशेच्या वर. वरची चढण चढायला खालची वाट हीच आहे, तरी बजेटची चर्चा आली की आधी बोट प्रांतिक स्पर्धेकडेच जातं आणि मला २०१० आठवतं.

इथून बघायचं तर तिथल्या दुपारी दोनची मॅच म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात, सप्टेंबरच्या शेवटी तिकडे घड्याळ पुढे जातं तेव्हा साडेसहा. शनिवारी चहा टाकेपर्यंत पहिला हाफ अर्धा झालेला असतो. कँटरबरी-वायकाटो असली तर तेवढाही उशीर करू नका.