हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर जड वस्तू बसवताना

गिझर, टीव्ही किंवा किचनचं वरचं कपाट बसवायला आम्ही आलो की ग्राहक हमखास विचारतात: ही भिंत एवढं वजन पेलेल का? बहुतेक वेळा पेलते. वस्तू निखळते ती गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लग) चुकीची असल्यामुळे, भोक सैल झाल्यामुळे किंवा वजन भिंतीपासून फार पुढे आल्यामुळे. या तिन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधी तुम्हाला माहीत असाव्यात, म्हणून हे पत्रक.

आधी भिंत ओळखा

ड्रिल लोण्यात शिरावं तसं आत गेलं आणि पांढुरकी, मऊ पूड पडली तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत बारीक बुडबुडे असलेला हलका ब्लॉक. लाल पूड म्हणजे वीट. ड्रिल अडखळत, हळूहळू आत जात असेल आणि पूड करडी असेल तर तिथे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. सुरुवातीची १२ ते १५ मिलिमीटर पूड प्लास्टरची असते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. वस्तूची जागा थोडी सरकवून ती कॉलमवर येत असेल तर आम्ही तेच सुचवतो. तिथे साधा अँकर फास्टनर (भोकात फुगून पकडणारा लोखंडी बोल्ट) उत्तम धरतो.

साधी गिट्टी इथे का ढिली पडते

एएसी ब्लॉक बनवताना सिमेंट, चुना आणि बारीक वाळू किंवा कोळशाच्या राखेच्या, म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या लगद्यात थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात. तिच्यामुळे हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात, लगदा फुगतो आणि मग तो दाबाखालच्या वाफेत पक्का केला जातो. म्हणून एक घनमीटर ब्लॉकचं वजन साधारण ५५० ते ६५० किलो भरतं, तर तेवढ्याच काँक्रीटचं २४०० किलोच्या आसपास.

साधी गिट्टी किंवा लोखंडी फास्टनर भोकाच्या बाजूंवर फुगून दाबतो आणि त्या दाबावर टिकतो. काँक्रीट तो दाब परतवून लावतं. ब्लॉकमध्ये मात्र बुडबुड्यांच्या पातळ भिंती चिरडतात, भोक रुंद होतं आणि पकड जाते. बसवल्या दिवशी सगळं घट्ट वाटतं, त्यामुळे फसायला होतं.

एएसी ब्लॉकसाठीच्या नायलॉन गिट्ट्या वेगळ्या असतात. त्या लांब असतात, त्यांच्या अंगावर पिळाचे पंख असतात आणि त्या भार खोलवर, जास्त जागेवर पसरवतात. पाकीट घेताना एक गोष्ट जरूर बघा. त्यावर बहुधा काँक्रीटसाठी आणि एएसीसाठी भाराचे वेगवेगळे आकडे छापलेले असतात. काँक्रीटचा आकडा बराच मोठा असतो, तो तुमच्या भिंतीला लागू नाही. एएसीचा आकडाच दिला नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

वजनापेक्षा अंतर महत्त्वाचं

समजा टीव्ही २० किलोचा आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे. टीव्ही भिंतीला चिकटून, म्हणजे त्याचं वजन भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर सुमारे ६ किलोचा येतो. तोच टीव्ही पुढे ओढायच्या हातावर लावून ४० सेंटिमीटर बाहेर काढला की तो जोर ४० किलो होतो. टीव्ही तोच, भिंत तीच, पण जोर जवळजवळ सातपट. त्यामुळे हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर शक्यतो सपाट ब्रॅकेट घ्या. हात असलेलाच हवा असेल तर भिंतीवरची पट्टी उभी लांब, म्हणजे वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये जास्त अंतर असलेला निवडा.

गिझरमध्ये नुसत्या टाकीचं वजन धरून चालत नाही. १५ लिटरच्या गिझरमध्ये १५ किलो पाणीच असतं. टाकी धरून वजन २५ किलोच्या आसपास जातं आणि ते भिंतीपासून बरंच पुढे असतं. गिझरची खालची बाजू भिंतीला नीट टेकली आहे ना, हे आम्ही पाणी भरण्याआधी तपासतो. तुम्हीही बघा.

भोक पाडताना

ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारायची सोय, बंद ठेवायचा. ड्रिल नुसतं फिरू द्यायचं, कारण ठोक्यांनी भोकाच्या कडा आतून ढासळतात आणि बाहेरून ते कळतही नाही. बिटचा आकार गिट्टीच्या पाकिटावर सांगितलेलाच हवा. भोकातली पूड पूर्ण काढायची. प्लास्टर किंवा टाइलची जाडी पकडीत धरायची नाही, गिट्टी त्यांच्या पलीकडे ब्लॉकमध्ये गेली पाहिजे. टाइलवर आधी टाइलचं बिट वापरायचं. ब्लॉकच्या कडेला किंवा सांध्यावर भोक टाळायचं. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरची नळी असू शकते, तिथे तर मुळीच नाही.

स्क्रू घट्ट झाला की थांबायचं. तो नुसता फिरू लागला तर भोक खराब झालं. त्यात काडी किंवा कागद कोंबून काम भागवू देऊ नका. जागा बदला किंवा केमिकल अँकर वापरा.

गिट्टीवर भागत नाही तेव्हा

केमिकल अँकरमध्ये भोकात रेझिन भरून लोखंडी रॉड बसवतात. भोक तोंडाशी अरुंद आणि आत रुंद केलं तर रेझिनचा गोळा आत अडकतो आणि पकड फारच चांगली येते. मात्र रेझिन पूर्ण सुकेपर्यंत वजन लावायचं नाही. थंडीत हा वेळ वाढतो, म्हणून घाई करू नका.

१०० मिलिमीटरच्या पातळ भिंतीवर जड कपाट असेल तर आम्ही आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला रुंद पट्टी लावायचा आग्रह धरतो. मागच्या खोलीत पट्टी दिसते हे खरं, पण भार संपूर्ण ब्लॉकवर जातो. बाथरूममध्ये धरून उठायचा दांडा असेल तर आरपार बोल्टशिवाय दुसरा पर्याय आम्ही देतच नाही. त्या दांड्यावर माणूस अचानक सगळं वजन टाकतो, तेव्हा तो सुटता कामा नये. व्यायामाचा लोंबकळायचा दांडा आम्ही या भिंतींवर बसवत नाही. त्यासाठी काँक्रीटचा बीमच हवा.

आम्हाला बोलावण्यापूर्वी वस्तूचं वजन, ब्रॅकेटच्या भोकांमधली अंतरं, भिंतीची जाडी आणि मागच्या बाजूला काय आहे एवढं लिहून ठेवा. योग्य अँकर आम्ही सोबतच घेऊन येऊ.